दाम, रुपया आणि मोहर





या वेळी परीक्षा, शिस्त किंवा वह्यांना कव्हर घालण्याविषयी लिहिणार नाही. आमच्या संगणक कक्षात पंधरा दिवस चाललेल्या एका भांडणाविषयी लिहिते आहे. भांडण पैशांवरून झाले. पैसे खरे नव्हते, पण भांडण अगदी खरे होते.

वार्षिक प्रदर्शनासाठी सातवी-आठवीची मुले ‘स्क्रॅच’ या प्रणालीवर एक खेळ तयार करत आहेत. कथा त्यांचीच आहे. जुन्या बुऱ्हाणपुरातील विणकराची मुलगी कापडाची गाठोडी घेऊन सुरतेला निघते. वाटेत तापी आहे, जंगल आहे, चोर आहेत. अशीरगडावर एक राक्षसही आहे, तो ऐतिहासिक नाही. मुलगी कापड विकते, घोडा घेते, तलवार घेते, सरायीत मुक्काम करते. म्हणजे जागोजागी पैसे लागतात. प्रश्न असा पडला की खेळात नाणे एकच ठेवायचे की तांबे, चांदी आणि सोने अशी तीन?

एका गटाचे म्हणणे, “मॅडम, एकच नाणे ठेवा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसला की झाले.” दुसरा गट म्हणाला, “मग मजा काय? खजिन्याच्या पेटीत सोने पाहिजे आणि भिकाऱ्याच्या वाटीत तांबे पाहिजे.” बैठकीत सहज विषय निघाला, तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनीही मत दिले, “मॅडम, लहान मुले आहेत, कशाला घोळ? एकच नाणे राहू द्या.” मी त्यांना मान देते आणि त्यांचे म्हणणे निम्मे मला पटते. पण निम्मेच. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख आहे.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी डोकावते, ते आपण सांभाळून घेताच. शाळेत आम्ही अद्धा, पौना, सवैया असे पाढे ऐकले आणि घरी आजी पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायची. दोन्ही एकच, अपूर्णांकांचे पाढे. लहानपणी वाटे की या म्हाताऱ्या माणसांना दुसरे काम नाही. सव्वा आणि औट यांचे पाढे कोण पाठ करतो? औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या पाचवीच्या मुलाला विचारून पाहा. पण त्या पाढ्यांमागे बाजार होता. एक रुपया म्हणजे सोळा आणे, एक आणा म्हणजे चार पैसे, एक पैसा म्हणजे तीन पै. म्हणजे रुपयाचे 64 पैसे आणि 192 पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. आमच्या हिंदी भाषी शेजाऱ्यांकडे दुअन्नी, चवन्नी, अठन्नी.

आता 192 हा आकडा विचित्र वाटतो. पण त्याला 2, 3, 4, 6, 8, 12, 16 या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. तीन भावांत एक रुपया वाटायचा तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, कुणाचे भांडण नाही. आजचा रुपया तीन जणांत वाटा, एक पैसा कुणाच्या तरी हातात उरतोच. जुनी माणसे अडाणी होती म्हणून त्यांनी असा हिशेब ठेवला, हा आपला गैरसमज आहे. ज्यांना रोज वाटे करावे लागत त्यांनी वाट्याला सोपा आकडा निवडला होता.

तरीही 1 एप्रिल 1957 रोजी आपल्या देशाने ही पद्धत सोडली आणि शंभर पैशांचा रुपया केला. इंग्लंडने बारा पेनी आणि वीस शिलिंगांचा हिशेब 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत चालवला, म्हणजे या एका बाबतीत आपण साहेबाच्या चौदा वर्षे पुढे. नव्या पैशाला तेव्हा ‘नया पैसा’ म्हणत. 1964 मध्ये ‘नया’ हा शब्द गेला. मधल्या काळात जुनी आणि नवी नाणी शेजारी शेजारी चालत होती आणि खरा घोळ तिथे होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा कुणाकडे असणार? म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा बरोबर 6 नवे पैसे, दोन आणे बरोबर 12, तीन आणे बरोबर 19 आणि चार आणे बरोबर 25. म्हणजे चवन्नी दिली तर पंचवीस पैशांचा माल, पण तोच माणूस दिवसभरात चार वेळा एकेक आणा सुटा देईल तर चोवीस पैशांचाच. ज्याच्याकडे चवन्नी आहे त्याचे नुकसान नाही. ज्याच्याकडे एकेक आणाच येतो त्याचा एक पैसा गेला. गरिबाचे पैसे लहान नाण्यांतच येतात, हे लक्षात ठेवा. पुढे याचा संबंध येणार आहे.

आता खेळाकडे वळू. हे खेळ मला कळत नाहीत असे मुले समजतात. मी त्यांच्याकडूनच शिकले आणि थोडे स्वत: शोधले. कल्पित जगातील साहसाच्या खेळांचा पूर्वज म्हणजे 1974 मध्ये अमेरिकेत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळतात. त्यात तांबे, चांदी, सोने, प्लॅटिनम अशी नाणी आहेत. हल्लीच्या नियमांत तांब्याची दहा म्हणजे चांदीचे एक आणि चांदीची दहा म्हणजे सोन्याचे एक. 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणक खेळात दहाऐवजी शंभर-शंभरचा हिशेब आहे. उलट 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये एकच सोन्याचे नाणे आहे आणि त्याला वजनच नाही. लाखभर नाणी खिशात घालून डोंगर चढा. हॅरी पॉटरच्या पुस्तकांत 29 नट्सचा एक सिकल आणि 17 सिकल्सचा एक गॅलिअन असा हिशेब आहे. वाचताना मुलांना तो फार आवडतो. पण त्याच जगावर 2023 मध्ये ‘हॉगवर्ट्स लेगसी’ हा खेळ निघाला, तेव्हा बनवणाऱ्यांनी नट आणि सिकल बाजूला ठेवून व्यवहार गॅलिअनवरच चालवला. पुस्तकात जी गंमत आहे तीच खेळात शंभर वेळा करावी लागली तर कटकट होते, असे त्यांना वाटले असावे. आपल्या विश्वस्तांचे मतही तेच आहे.

तीन नाण्यांच्या बाजूच्या मुलांनी मला आपला आराखडा दाखवला. शंभर तांब्याची एक चांदी, शंभर चांदीचे एक सोने. मी फळ्यावर लिहिले: 3 सोने, 25 चांदी, 60 तांबे. मग त्याखाली लिहिले: 32560. विचारले, “या दोन्हींत फरक काय?” वर्ग शांत. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, काहीच फरक नाही. वरच्यात फक्त मध्ये शब्द घातले आहेत.” शाबास! संगणक आपोआप शंभराचे एक करून देत असेल, सर्व दुकानांत सर्व नाणी चालत असतील आणि कुठल्याच नाण्याला ओझे नसेल, तर ती तीन नाणी नाहीतच. तो एकच आकडा आहे, त्यात रंगीत स्वल्पविराम दिलेले आहेत. अशी तीन नाणी ठेवण्यापेक्षा विश्वस्तांचे एक नाणे शंभर पटींनी बरे.

मग खरी तीन नाणी कशी असतात? यासाठी लांब जायची गरज नाही. आपण ज्या गावात राहतो तेथे टांकसाळ होती. मोगल काळातील रुपयांवर फारसीत ‘जर्ब बुऱ्हाणपूर’ म्हणजे बुऱ्हाणपूर येथे पाडलेले, अशी अक्षरे आढळतात. काही नाण्यांवर गावाला ‘दारुस्सुरूर’ म्हणजे आनंदाचे घर म्हटले आहे. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि शिंदेशाहीतही इथली टांकसाळ शाह आलमच्या नावाने रुपये पाडत राहिली. राज्य मराठ्यांचे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे, कारण लोकांचा विश्वास त्या छापावर होता. आठवीच्या इतिहासात हे एका ओळीत येते आणि मुले ती ओळ गाळून पुढे जातात.

अकबराच्या वेळी तांब्याचा दाम सुमारे 21 ग्रॅमचा, चांदीचा रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास आणि सोन्याची मोहर अकरा ग्रॅमच्या जवळ. सरकारी हिशेबात 40 दामांचा रुपया. मोहर नऊ रुपयांच्या आसपास. दामाचा अर्धा अधेला, चौथा हिस्सा पावला आणि आठवा हिस्सा दमडी. ‘एक दमडी देणार नाही’ असे आपण रागात म्हणतो तेव्हा रुपयाचा तीनशेविसावा भाग नाकारत असतो.

आता मुलांना मी एक गणित दिले. आपल्या खेळातील विणकराच्या मुलीला कापडाचे शंभर रुपये मिळाले. ते तिने दामांत घेतले तर किती ओझे? चार हजार दाम, म्हणजे जवळजवळ 84 किलो! घोडा लागेल. रुपयांत घेतले तर सव्वा किलोच्या आत. मोहरांत घेतले तर अकरा मोहरा आणि वर एक रुपया, दीडशे ग्रॅमसुद्धा नाही, कमरेच्या कशात बसेल. मुलांचे डोळे विस्फारले. एक म्हणाला, “मग सगळे सोनेच घेऊ.” घे. पण मोहर घेऊन तू भाजीवालीकडे गेलास तर ती सुटे कुठून देणार? सरायीतला भटियारा मोहर पाहून तुझ्याकडे कसा पाहील? आणि पुढच्या वळणावरच्या चोराला ती बातमी कोण देईल? दाम जड आहे पण सगळीकडे चालतो. मोहर हलकी आहे पण दहा ठिकाणी अडते. रुपया मधला. प्रत्येक नाण्याचे स्वत:चे काम, स्वत:चा बाजार आणि स्वत:चा धोका आहे. हे असेल तर तीन नाणी ठेवण्यात अर्थ आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वाल्यांनी ओझ्याचा विचार केला आहे, पण त्यांच्याकडे सर्व धातूंची नाणी सारख्याच वजनाची, पन्नास नाण्यांचा एक पौंड. इतक्या प्रसिद्ध खेळाला जे सुचले नाही ते आपल्या सातवीच्या मुलांनी केले तर मला आनंदच होईल.

दुसरी गोष्ट दराची. चाळीस दामांचा रुपया हा सरकारी आकडा. बाजारात तांबे महाग झाले की रुपयाला दाम कमी मिळत आणि सतराव्या शतकात तसे झालेही. सोन्याचेही तेच. अकबराच्या वेळची नऊ रुपयांची मोहर कंपनी सरकारच्या 1835 च्या कायद्यात पंधरा रुपयांची झालेली आहे. म्हणजे धातूंचे आपसातील दर हलते असतात. खेळांतील दहा-दहा, शंभर-शंभर हे न हलणारे दर कोणत्याच जुन्या बाजाराला ओळखीचे वाटले नसते. रुपया आणि रुपया यांतही फरक होता. चालू वर्षी पाडलेल्या रुपयाला ‘सिक्का’ म्हणत, त्याला सर्वांत जास्त भाव. आधीच्या वर्षांचा ‘चलनी’, त्याला थोडा कमी. आधीच्या बादशहांच्या नावाचा ‘खजाना’, त्याला आणखी कमी. मराठेशाहीत तर चांदवडी, मल्हारशाही, अंकुशी असे किती तरी रुपये होते. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी न्या, सराफ तो वाजवून, घासून पाहणार आणि बट्टा कापणार. ‘नावाला बट्टा लागला’ हा वाक्प्रचार याच दुकानातून आला.

तर आमच्या खेळात सराफ असलाच पाहिजे, हे माझे ठाम मत आहे. सराफ नसेल तर तीन नाणी नकोत.

आणि सराफ आला की हुंडी आलीच. टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात आपल्या गावावरून गेला. इथले तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जाते असे त्याने लिहिले. कोणत्या गावाहून सुरतेवर हुंडी करायला किती टक्के पडतात तेही त्याने नोंदवले: बुऱ्हाणपूरहून अडीच ते तीन, ढाक्याहून दहा. जितकी वाट लांब आणि धोक्याची तितका दर जास्त. आमची विणकराची मुलगी सुरतेहून परतताना पैशाचा कागद करून आणू शकते, मग चोरांनी अडवले तरी त्यांच्या हाती कागदच लागेल. हे कळल्यावर एका मुलाने विचारले, “मॅडम, म्हणजे यूपीआयच ना?” अगदी तसेच नाही, पण मी त्याला रागावले नाही.

याच टॅव्हर्निएने लिहिले आहे की गुजरातेत अगदी लहान खरेदीसाठी इराणी कडू बदाम चालत, एका पैशाला पस्तीस-चाळीस बदाम. कडू असल्यामुळे कुणी ते खाऊन टाकत नसे. सहावीच्या मुली, ज्या या खेळात चित्रे काढत आहेत, या बदामांवर एवढ्या खूश झाल्या की त्यांनी बदामाचे चित्र आधी काढले आणि मोहरेचे अजून बाकी आहे.

एक गणित विश्वस्त मंडळासाठीही ठेवते. ‘ऐन-इ-अकबरी’त खानदेशचा वसूल बेरारी टंक्यांत दिला आहे: 1,26,47,062 टंके. अशीरगड 1601 मध्ये अकबराच्या हाती आल्यावर तो दीडपट केला. एका टंक्याचे 24 दाम. तर एकूण दाम किती आणि चाळीस दामांच्या हिशेबाने रुपये किती? आमच्या आठवीच्या चार मुलांनी कागदावर, कॅलक्युलेटर न वापरता, 45,52,94,232 दाम असे उत्तर काढले, आणि तेच अबुल फजलच्या ग्रंथात आहे. रुपये एक कोटी तेरा लाखांच्या वर. अकबराच्या मुनशीचा आणि इतवाऱ्यातल्या पोरांचा हिशेब जुळला, त्या दिवशी मी त्यांना पेढे दिले. एकच नाणे असते तर हे गणित झालेच नसते.

इथपर्यंत वाचून पालक म्हणतील, मॅडमना जुन्या नाण्यांचा छंद लागला. छंद आहे, मान्य. पण मला या विषयाने रात्री झोप लागू दिली नाही त्याचे कारण वेगळे आहे.

मागच्या सत्रात एक पालक मोबाईल घेऊन माझ्या खोलीत आले. गृहस्थ पॉवरलूमवर काम करतात. बँकेतून साडेचार हजार रुपये कमी झाले होते. मुलगा आपल्याच शाळेचा, अभ्यासात बरा, खोटे बोलणारा नाही. त्याने मोबाईलवरच्या एका खेळात वस्तू घेतल्या होत्या. मी त्याला विचारले, “बाळा, तू साडेचार हजार रुपये खर्च केलेस?” तो रडत म्हणाला, “मॅडम, मी रुपये नाही खर्च केले, मी रत्ने खर्च केली.” तो खरे बोलत होता. त्या खेळात खऱ्या रुपयांनी रत्ने घ्यायची, रत्नांनी नाणी घ्यायची, नाण्यांनी किल्ली घ्यायची आणि किल्लीने पेटी उघडायची. पेटीत काय निघेल ते देव जाणे. वस्तूला 120 रत्ने लागतात, पण रत्ने शंभराच्या पुडीतच मिळतात. मग दोन पुड्या घ्या, ऐंशी रत्ने उरतात, आणि उरलेल्यांसाठी जीव तळमळतो म्हणून आणखी एक पुडी. प्रत्येक पायरीवर मूल रुपयापासून एक पाऊल लांब जाते. चौथ्या पायरीवर रुपया दिसेनासाच होतो.

हीदेखील अनेक नाणीच आहेत. म्हणून ‘अनेक नाणी चांगली’ असे मी सरसकट म्हणू शकत नाही. 1957 च्या त्या सुट्या आण्याचा एक पैसा आठवा. चलनाची गुंतागुंत नेहमी कुणाच्या तरी फायद्याची असते, आणि ज्याला हिशेब येतो त्याच्याकडे फायदा जातो. जुन्या बाजारात सराफ बट्टा कापायचा, पण आजचा दर काय असे विचारले तर तोंडाने सांगायचा, पटले नाही तर पुढच्या सराफाकडे जाता यायचे. मोबाईलमधला सराफ दर सांगत नाही. तो पुडीचा आकारच असा ठेवतो की हिशेब लागू नये. आणि त्याच्या शेजारी दुसरा सराफ नाही.

मी त्या पालकांना म्हटले, मुलाला मारू नका. मोबाईलवर पासवर्ड टाका, आणि पंधरा दिवस त्याला रोज भाजी आणायला पाठवा, हातात रोख पैसे देऊन. कारण हे मी रोज पाहते. 2016 मध्ये यूपीआय आले, सोय झाली, मीही वापरते. पण आमच्या पाचवीच्या निम्म्या वर्गाला शंभराच्या नोटेतून 37 रुपये वजा करून मोड मोजून घेता येत नाही. तोंडी वजाबाकी येते, हातातली येत नाही. आमच्या लहानपणी पाच पैसे चौकोनी, दहा पैसे नागमोडी कडेचे, वीस पैसे षट्कोनी. फ्रॉकच्या खिशात हात घालून न पाहता बोटांनी किती पैसे आहेत ते कळायचे. पंचवीस पैशांची चवन्नी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली. आजच्या मुलाच्या बोटांना कोणते नाणे ओळखता येते? वीस रुपयांचे बारा कोनी नाणे कदाचित, तेही त्याच्या हाती आले तर.

तेव्हा माझे मत असे. ज्या खेळात लढाई मुख्य आहे आणि पैसा फक्त औषधाची बाटली घेण्यापुरता आहे, तिथे एकच नाणे ठेवावे, उगाच तीन रंग दाखवू नयेत. ज्या खेळात प्रवास आणि व्यापार आहे, आमच्या खेळासारखा, तिथे तीन नाणी ठेवावीत, पण त्यांना ओझे द्यावे, हलता दर द्यावा आणि एक तोंडाने दर सांगणारा सराफ द्यावा. आणि खऱ्या रुपयांनी विकत मिळणारे कोणतेही नाणे, रत्न, हिरा, माणिक, त्याला लाख नावे असोत, मुलांच्या खेळात नसावे. या तिसऱ्या मुद्द्यावर माझ्याशी कुणी वाद घालायला आले तर मी चहा पाजेन, पण मत बदलणार नाही.

एक नाण्याच्या गटातील मुले नाराज होतील म्हणून मी त्यांनाच सराफाचे काम दिले. ज्याला घोळ नको असतो तोच घोळाचे नियम नीट लिहितो, असा माझा शाळेतील अनुभव आहे. त्यांनी लिहिलेले नियम आता असे आहेत: दर गावागणिक बदलतो, सराफाच्या दुकानाबाहेर दराची पाटी असते, झिजलेल्या रुपयाला बट्टा बसतो. सुरतेच्या सराफाला रागीट चेहरा दिला आहे. कारण विचारले तर म्हणाले, “मॅडम, तो परगावचा आहे.” हा पूर्वग्रह आहे हे मी समजावून सांगितले, चेहरा अजून रागीटच आहे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. दरवर्षी आनंद मेळाव्यात आपण दहा-दहा रुपयांची छापील कुपने विकतो. या वर्षी निम्म्या दुकानांत पुठ्ठ्याचे दाम, रुपया आणि मोहर चालवू द्यावे. एका टेबलावर नववीची मुले सराफ म्हणून बसतील, दराची पाटी दर अर्ध्या तासाने बदलतील आणि शेवटी सगळ्या नाण्यांचा हिशेब कुपनांशी जुळवून देतील. जुळला नाही तर फरक माझ्या पगारातून. पुठ्ठा आणि रंग यांचा खर्च फार नाही, कापण्याचे काम सातवीने अंगावर घेतले आहे. आजी-आजोबांनी जरूर यावे, आणे-पैचा हिशेब कसा करत ते सांगायला एक खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवू. घरात जुने नाणे असेल तर दाखवायला आणावे आणि परत घेऊन जावे. शाळा ते ठेवून घेणार नाही.

सध्या खेळातील मुलगी अशीरगडाच्या पायथ्याशी पोहोचली आहे. तिच्याकडे सात रुपये, दोनशे बारा दाम आणि एक हुंडी आहे आणि घोडा थकलेला आहे. राक्षस हुंडी स्वीकारतो की नाही, यावर शनिवारी मतदान आहे.

आपली,
प्राचार्या